शेऱ्याच्या रकान्यात

कागदावर म्हणाल तर सुगंधा काजरेवाडीच्या वाचनालयात झाडलोटीला होती. पण कागदाचं काय घेऊन बसलात! कागदावर तिथे ग्रंथपालाचीही जागा होती, आणि ती १९५६ सालापासून रिकामी पडली होती. देवळाला लागून एक कौलारू खोली, तीन कपाटं, एक डुगडुगतं टेबल आणि दुपारी चार वाजता पायरीवर येऊन बसणारी पंचवीस-तीस पोरं, हा सगळा बारदाना एकट्या सुगंधाच्या जिवावर चालला होता. आचऱ्याकडून येणाऱ्या एसटीचा कंडक्टरसुद्धा वर्तमानपत्राची गुंडाळी "ह्यां सुगंधाच्या वाचनालयाक" म्हणून खाली टाकायचा.

वाचायला ती शिकली अठ्ठाविसाव्या वर्षी, आणि तेही रागाने. अप्पा नावाचे रिटायर मास्तर तेव्हा वाचनालय बघायचे. दुपारी पोरांना जमवून ते गोष्ट मोठ्याने वाचत आणि ऐन मोक्याला, चोर खिडकीतून पाय आत टाकतो न टाकतो तोच, पुस्तक मिटत. पोरं पुस्तक घरी नेऊन पुढचं वाचायची. कोपऱ्यात केरसुणी धरून उभी राहिलेली सुगंधा मात्र तशीच लोंबकळत राहायची. एक दिवस तिने केरसुणी आपटली.

"अप्पानू, तो चोर घरात शिरलो काय नाय तां सांगा. नायतर उद्यापासून मी झाडूक येवचंय नाय!"

"फुडचां व्हयां तर अक्षरां शिक गो," अप्पा हसत म्हणाले.

शिकली. चार महिन्यांत शिकली. तिचा नवरा गंगाराम मचव्यावर तांडेल होता, आठ-आठ महिने दर्यावर असायचा. पावसाळ्यात तो घरी आला तर बायको चुलीपुढे पुस्तक धरून बसलेली. "आता काय वकील होतलंस?" त्याने विचारलं. "चोर शिरलो, पण कुत्र्यान तेचो पाय धरल्यान," सुगंधा म्हणाली. गंगारामला काडीचं समजलं नाही. पण दुसऱ्या दिवशी जाळं शिवता शिवता त्यानेच हळूच विचारलं की त्या कुत्र्याचं पुढे काय झालं.

पुढे अप्पा कणकवलीला लेकीकडे कायमचे निघाले. जाताना त्यांनी सुगंधाला एक जाड वही आखून दिली. नाव, पुस्तक, नेले, आणले, शेरा. पाच रकाने. त्यातले चार तिला कळले.

"अप्पानू, शेरो म्हंजे काय लिवचां?"

अप्पांचा एक पाय एसटीच्या पायरीवर होता. "पुस्तक कसां परत इलां तां!" ते ओरडले, आणि गाडी सुटली.

अप्पांच्या मनात होतं ते अगदी साधं: चांगलं आलं की फाटकं आलं, डाग पडला की पानं गेली. सुगंधाने आपल्या परीने अर्थ लावला. पुस्तक परत आलं की ती पोराला टेबलापुढे उभं करायची आणि विचारायची, "कसां होतां?" मग पोर सांगेल ते, सांगेल तसं, मालवणीतच, शेऱ्याच्या रकान्यात. मावलं नाही तर समासात. "झोप इली. उशाक बरां." "जेवक हाक मारल्यानी ती आयकाक नाय इली. आवशीन मारल्यान." "शेवटाक राजाच जिकता. दरखेपेक राजाच कशाक?" "माका असो कुत्रो व्हयो." अशा शेऱ्यांनी पाच वर्षांत वही फुगून उशीएवढी झाली. हा चुकीचा शेरा आहे हे तिला सांगणारं गावात कोणी नव्हतंच.

आणि त्या चुकीनेच तिला शहाणं केलं, हे ध्यानात घ्या. नऊ ते तेरा वर्षांचं पोर म्हणजे ना धड लहान, ना धड मोठं. चिमणी-कावळ्याची गोष्ट दिली तर तोंड वाकडं करणार, मोठ्यांची कादंबरी दिली तर जांभया देणार. त्याला काय रुचतं हे मोठ्यांना विचारून कळत नाही. सुगंधाला वही वाचून कळायला लागलं. कुठल्या पुस्तकात कितव्या पानाला पोरं अडकतात, कुठलं पुस्तक पोरी उशीखाली लपवतात, सगळं तिला तोंडपाठ.

"कितवीत आसस?" असं तिने कधी कोणाला विचारलं नाही. ती विचारायची, "काल दिवसभर काय केलंस?" रुक्मिणीचा भिकाजी शाळेचं नाव काढलं की माडावर चढून बसणारा. त्याला तिने हेच विचारलं. "खाडीर बसान कुर्लेंची बिळां बघत होतंय," तो म्हणाला. खेकड्यांची बिळं म्हटल्यावर सुगंधा उठली आणि 'खाडीपलीकडचं पाऊल' काढून त्याच्या हातात दिलं. चिखलातल्या एका पावलाच्या ठशावरून एक पोरगा चोरटा माल पकडून देतो, त्याची गोष्ट. "धा पानां वाच. नाय आवडली तर हाडून दी, माका राग नाय." तिचा हा कायदाच होता. दहा पानं. त्यापुढे कोणावर सक्ती नाही. भिकाजी तिसऱ्या दिवशी आला. शेरा पडला: "आयेक वाचून दाखयलां. आय चूल विसारली. भाकरी करापली."

अशात १९६० साली दाजी गावी आले. मुंबईच्या गोदीत हेडक्लार्क होते, रिटायर झाले, आणि वर्षभरात वाचनालयाचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता, उगाच खोटं कशाला बोला. वाचनालयाची फुटकी कौलं त्यांनी स्वतः उभं राहून बदलून घेतली. पण गोदीत तीस वर्षं काढून त्यांच्या जिभेला इस्त्री बसली होती. नारळ पाडायला आलेल्या गड्याशीसुद्धा ते "आपण कृपया वर चढावे" असं बोलायचे. तो बिचारा पंचाईत होऊन इकडेतिकडे बघायचा.

मुलांच्या कपाटात दाजींना दिसली ती चिंध्या झालेली पुस्तकं. पुठ्ठे गेलेले, पानं खळीने चिकटवलेली, कोपऱ्यांना कोकमाचे डाग. त्यांनी मुंबईहून 'सद्गुणमाला' मागवली. एका मापाची चाळीस पुस्तकं, तपकिरी पुठ्ठा, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी प्रश्न: मुलांनो, यावरून तुम्ही काय शिकलात? पोरांनी एकेक नेलं आणि दहा पानांवर परत आणलं. वहीत ओळीने शेरे: "झोप इली." "झोप इली." "आजयेक झोप लागत नाय, तिका देवा."

"सुगंधाबाई, ही पुस्तकं तुम्ही मुलांना आग्रहाने का देत नाही?" दाजींनी विचारलं.

"दाजीनू, पुस्तक काय एरंडेल आसा? नाक दाबून पाजूक?"

दाजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी वही ओढली आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. चार पानं वाचली आणि कपाळाला हात लावला. "हे काय लिहिलंय? शेरा म्हणजे पुस्तकाची स्थिती! पाच वर्षं तुम्ही सरकारी पद्धतीच्या रजिस्टरात हा बाजार भरवलात? आणि भाषा ही असली?"

सुगंधाला चूक तेव्हा कळली. कान गरम झाले, अगदी भुईत शिरावंसं वाटलं. पण ते घटकाभरच. मग तिला वाटलं, कळली चूक, बरं झालं. पण चुकून का होईना, पोरांनी सांगितलं ते खोटं होतं काय?

दुसऱ्या दिवशी दाजींनी कोरी वही आणून टेबलावर ठेवली. "जुन्यातलं सगळं यात उतरवा. शेऱ्याच्या रकान्यात फक्त 'चांगले' किंवा 'फाटलेले'."

"मी उतरवचंय नाय."

"काय म्हणालात?"

"मी एक अक्षर बदलूचंय नाय, दाजीनू. पोरां बोलली तां मी लिवलंय. आता तेंच्या तोंडची गजाल काढून मी माझां 'चांगले' घालू? खोटां लिवक मी शिकाक नाय. मी फुडचां वाचूक शिकलंय."

दाजींनी मुलांच्या कपाटाला कुलूप ठोकलं आणि किल्ली कोटाच्या खिशात टाकली. जाताना दारावर नोटीस डकवली. येत्या रविवारी देवळाच्या मंडपात वार्षिक सभा. ठराव असा, की बालविभागातली जुनी फाटकी पुस्तकं रद्दीत काढावीत, तिथे केवळ सद्गुणमाला ठेवावी, आणि सुगंधाबाईंनी मुलांना पुस्तकं निवडून न देता झाडलोटीपुरतंच काम बघावं.

पोरांनी ती नोटीस पायरीवर उभं राहून मोठ्याने वाचली. आपण ज्यांना वाचायला लावलं, त्यांनीच पहिल्यांदा आपली नोटीस वाचावी, हे सुगंधाच्या जिव्हारी लागलं. तिला झाडूची लाज कधीच वाटली नव्हती. पण त्या कपाटात पोरांनी चाटूनपुसून वाचलेली बासष्ट पुस्तकं होती. ती दुकानात भजी बांधायला जातील, हे तिला सोसवेना.

शुक्रवारी तिच्या परसात कावेरी आली. दाजींची नात, अकरा वर्षांची, दोन वेण्यांची. आली ती रडतच.

"सुगंधामावशे, तू सभेत वही वाचतलंस? माझां पान वाचू नको. आजोबा माका मारतले."

सुगंधाला ते पान ठाऊक होतं. गेल्या श्रावणात कावेरीने 'तेराव्या बेटावरचा दिवा' नेलं होतं. दर्यात एक ओसाड बेट, तिथे रोज कोणीतरी दिवा लावतं, आणि पहिल्या भागाच्या शेवटी एक दिवस तो कोणीतरी विझवतं. ते पुस्तक अजून परत आलं नव्हतं. का नाही, ते कावेरीने सांगितलं होतं आणि सुगंधाने लिहिलं होतं.

"वाचूचंय नाय," ती म्हणाली. "गळ्याशपथ. डोळे पूस बघू."

गंगाराम आतून सगळं ऐकत होता. "काय तू तरी! तांच पान उघड आणि मार तेंच्या तोंडार. एका घावात सभा आपली."

"चेडवान माका इस्वासान सांगितल्यान."

"आणि पुस्तकां रद्दीत गेली तर?"

"गेली तर गेली! इस्वास मोडून ठेवलेली पुस्तकां मी पोरांका खंयच्या तोंडान देव?" सुगंधा कडाडली. गंगारामने विडी पेटवली.

रविवारी दुपारी मंडप गच्च भरला. पुढे सभासद, मागे बायका, खांबांना लगटून पोरं. दाजींनी ठराव वाचला. सुगंधा बोलायला उठली तर त्यांनी हात वर केला. "नोकरवर्गाला सभेत मत नाही. बसा." ती बसली नाही, उभीच राहिली. मग दाजींनी ती फुगलेली वही उचलली. हिचे पराक्रम हिच्याच अक्षरात गावाला ऐकवायचे, असा त्यांचा बेत होता.

"सभासदहो, हे रजिस्टर ऐका. शेरा. 'आयेक वाचून दाखयलां. आय चूल विसारली. भाकरी करापली.'" दाजींनी ते गोदीतल्या आवाजात, एकेक शब्द तोडून वाचलं, आणि लोकांना लाज वाटावी म्हणून थांबले.

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा सांगणारा एकेक वाक्य बोलून थांबतो, आणि जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मंडप तोच, थांबण्याची तऱ्हाही तीच. मागून भिकाजीची आई रुक्मिणी खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा! करापली! दोन भाकऱ्यो करापल्यो!"

मंडप हसला. दाजींनी डोळे वटारले आणि पुढे वाचलं. "'शेवटाक राजाच जिकता. दरखेपेक राजाच कशाक?'"

"व्हय म्हाराजा!" आता दहा-बारा जण.

"शांतता! 'आवशीन पुस्तक काढून घेतल्यान आणि सोताच वाचूक बसली.'"

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप. म्हातारे हात जोडून म्हणत होते, पोरं खांबाला धरून उड्या मारत होती. दाजी जितके चिडत, तितके जोरात वाचत. जितके जोरात वाचत, तितकं ते गाऱ्हाणंच होत जाई. पाच वर्षांतली एकेका घरातली गोष्ट देवापुढे येत होती, आणि ज्याची त्याची आई ती खरी आहे म्हणून सांगत होती. सुगंधाचे डोळे भरून आले. तिने ते पुसलेही नाहीत.

दाजींनी पान उलटलं. श्रावण. निळी शाई. सुगंधाने खांबाकडे पाहिलं. कावेरीने वेणीचं टोक दातात धरलं होतं.

"दाजीनू," सुगंधा पुढे आली, "आता पुरे. वही मिटा."

"का? आता का?" दाजींच्या तोंडावर तासाभरात पहिल्यांदा हसू आलं. "आता लाज वाटायला लागली?"

"तसां समजा. पण मिटा. हात जोडतंय."

"मुळीच नाही! पुढचाच ऐका, सभासदहो!" आणि दाजींनी नाव न बघता नुसता शेऱ्याचा रकाना वाचला. "'पुस्तक हाडूक नाय. आजोबा देयत नाय. तेंका संपवचां आसा. रोज जेवल्यार कोनशात बसान वाचतत, आणि माका म्हणतत, तू अभ्यास...'"

आवाज तिथेच बसला. दाजींची नजर सरकत सरकत नावाच्या रकान्यावर गेली आणि तिथे चिकटून राहिली.

"कोणाचो आजो तो?" मागून कोणीतरी विचारलं.

"नाव वाचूचो नेम नाय!" सुगंधा एवढ्या जोरात ओरडली की मंडप गप्प झाला. "कोणाचोय आसात. गोड लागली म्हणान वाचता. चोरी केल्यान काय?"

पण गाव काय खुळं असतं? खाई त्याला खवखवे. दाजींचे कान लाल झालेले सगळ्यांना दिसत होते. कोणी हसलं नाही, हे मात्र गावाचं मोठेपण. फक्त रुक्मिणी, अगदी हळू, देवाकडे बघून म्हणाली, "व्हय म्हाराजा."

दाजींनी वही मिटली. "सभा तहकूब," म्हणाले आणि छत्री विसरून निघून गेले. ठराव पास झाला की पडला, कोणालाच कळलं नाही. किल्ली त्यांच्या खिशातच राहिली. त्या संध्याकाळी दाजींच्या घरातून रडण्याओरडण्याचा आवाज येतो का म्हणून सुगंधा दोनदा त्यांच्या कुंपणाच्या गडग्यापर्यंत जाऊन आली. आला नाही.

सोमवारी चार वाजता पोरं नेहमीसारखी पायरीवर येऊन बसली. कुलूप तसंच होतं. सुगंधा टेबलाशी बसून होती, जुनी वही पुढ्यात. मनाशी तिने ठरवलं होतं: किल्ली नाही मिळाली तर नाही. गेल्या पाच वर्षांतली पुस्तकं तोंडपाठ आहेत. रोज एक गोष्ट सांगेन आणि ऐन मोक्याला थांबेन. बघू कोण रद्दीत काढतो ते!

तेवढ्यात पोरं बाजूला सरली आणि दाजी आत आले. बगलेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. 'तेराव्या बेटावरचा दिवा'. निखळलेली पानं खळीने नीट बसवलेली, वर नवा पुठ्ठा. त्यावर त्यांनी किल्ली ठेवली.

सुगंधाने किल्लीला हात लावला नाही. तिने वही उघडली, श्रावणातलं पान काढलं, 'आणले'च्या रकान्यात तारीख घातली.

"शेरो काय लिवू?"

"लिहा, चांगले," दाजी म्हणाले.

"तां पुठ्ठ्याचां झालां. पुस्तक कसां होतां?"

दाजी घुटमळले. त्यांनी दाराकडे पाहिलं. कावेरी, भिकाजी, सगळी पोरं कान देऊन. मग ते टेबलावर वाकले, आणि तीस वर्षांची इस्त्री मोडून, खाली आवाजात म्हणाले, "तो दिवो विझयलो कोणी गो?"

सुगंधाने तेच लिहिलं, एक अक्षर न बदलता. लिहून झाल्यावर वही त्यांच्याकडे फिरवली. दाजींनी वाचलं आणि खोडा म्हणाले नाहीत.

"तां दुसऱ्या भागात आसा," ती किल्ली उचलत म्हणाली. "तो भाग आपल्या कपाटात नाय. मागवचो तर ठराव व्हयो. सभा बोलवा, दाजीनू. आणि त्या ठरावाक माझां मत व्हयां."